होडीची जमीन

पेडणेकर भावजींच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, चमचा असतो. स्टीलचा, लांब दांड्याचा. कुणाच्याही घरी गेले की आधी तो बाहेर काढतात, समोर जे काही लाकडी असेल त्यावर उलट्या बाजूने टकटक करतात आणि मान कलती करून ऐकतात. आमचा नवा सोफा बघायला सगळी बिल्डिंग येऊन गेली. जो तो रंगाबद्दल बोलला. भावजी आले, चहाला हात लावायच्या आधी सोफा चार ठिकाणी वाजवला आणि म्हणाले, "वहिनी, उजवा हात चांगला आहे. डावा वरून ठणठणीत, आतून गेलेला."

तीन महिन्यांनी आमचे हे डाव्या हातावर रेलून पेपर वाचत होते, ते पेपरासकट खाली आले.

"वरून ठणठणीत, आतून गेलेला" हा भावजींचा शेरा कलिंगडापासून नगरपालिकेच्या रस्त्यापर्यंत कशालाही लागतो. ह्यांचा हार्टचा रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा मी जिन्यातच भावजींना पेढा दिला. त्यांनी पेढा खाल्ला आणि ह्यांच्याकडे असं काही निरखून बघितलं की मला वाटलं, आता चमचा काढतात.

भावजींची सगळी नोकरी अंबरनाथला एमआयडीसीत, फायबरच्या कारखान्यात गेली. पाण्याच्या टाक्या, खुर्च्या, बाथटब. आमची बिल्डिंग मात्र बदलापूर पश्चिमेला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. बिल्डरने नाव ठेवलं 'सरिता दर्शन'. सरितेने ते पुढे फारच मनावर घेतलं. आम्ही पहिल्या मजल्यावर, पेडणेकर बरोबर आमच्या खाली. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या दीड खोलीतून आम्ही इथे आलो, तेव्हा पायाखाली कुणीतरी राहतंय याचाच मला एवढा अभिमान वाटला की विचारू नका. चाळीत सगळे एकाच पातळीवर. इथे मी वरची झाले.

हा वरचेपणा मी उषावर, म्हणजे भावजींच्या बायकोवर, पुरेपूर वापरला. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या ओल्या साड्यांचं पाणी तिच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पडलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ती वर आली आणि शांतपणे म्हणाली, "जरा पिळून घालत जा गं." माझं तेव्हा नुकतंच चौसष्टावं सरलेलं. वय अगदी अर्धवट. अंगात रग होती आणि डोक्यात काही नव्हतं. मी म्हटलं, "पाणी खालीच येणार, उषा. त्याला मी काय करू?"

झालं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. नवऱ्यांनी यात पडायचं नाही असं नवऱ्यांनी आपसात ठरवलं, त्यामुळे भावजी वर येत राहिले. मी मात्र त्यांच्या दारात पाऊल टाकलं नाही.

मग दोन वर्षांनी श्रावणाच्या आधी नदी आत आली. भावजी सेकंड शिफ्टला अंबरनाथला अडकलेले. खाली पाणी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. उषा घरात एकटी, ओट्यावर चढून उभी. तिने हाक मारली नाही. वर आमची बेल होती, ती वाजवली नाही. मीही खाली डोकावले नाही, कारण मला वाटलं, असेल माहेरी. शेवटी ह्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, हे आणि वॉचमन दोर धरून खाली उतरले आणि तिला वर आणलं. आमच्या उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. ह्यांना म्हणाली, "पाणी खालीच येणार म्हणाली होती ना ती. आलं." आणि पाणी उतरेपर्यंत जिन्यातल्या पायरीवर बसून राहिली. मी चहा पाठवला. तिने तो प्यायला, पन्हळीच्या पाण्याखाली कप विसळला आणि परत पाठवला. त्या विसळलेल्या कपाइतकं मला कुणी आजवर बोललेलं नाही.

पाणी ओसरलं तशी उषा लेकीकडे नाशिकला गेली. जाताना भावजींना म्हणाली, "पुन्हा पाणी आलं तर माझी मी बाहेर पडेन असं काहीतरी करा, मग येते. कुणाच्या जिन्यात बसणार नाही."

दुसऱ्या कुणाला हे ऐकून रडू आलं असतं. भावजी पडले कारखान्यातले. त्यांनी ते ऑर्डर घेतल्यासारखं लिहून घेतलं आणि होडी आणली.

बंद पडलेल्या कुठल्याशा पिकनिक स्पॉटवरची, फायबरची, बारा फुटी होडी. उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून टेम्पोत घालून आणली. एका बाजूला बदकाचं चित्र. पार्किंगमध्ये पुढे, मधे आणि मागे असे तीन जुने टायर ठेवून त्यावर ती बसवली. आम्ही सगळे गोल उभे. भावजी आत चढले, चमचा काढला आणि वाजवत वाजवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. थप्प, थप्प, थप्प. एकदाही ठण्ण म्हणून आवाज नाही.

"फायबर एकदम फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "फ्लोअर गेलाय."

म्हणजे होडीची जमीन. होडीलाही जमीन असते हे मला तेव्हा कळलं. तळाच्या फायबरवर लाकडाच्या आडव्या पट्ट्या, त्यावर प्लायवूड, त्यावर पुन्हा फायबरचा थर. बाकं बसवताना कुणीतरी स्क्रू मारले, त्या भोकांतून पाणी आत गेलं आणि आतल्या आत सगळं कुजलं. भावजींनी एक कोपरा उचकटून दाखवला. चहाचा चोथा असावा तसं लाकूड.

"किती दिवसांचं काम?" ह्यांनी विचारलं.

"दिवाळीला ही घरी येते बघा," भावजी म्हणाले. ही म्हणजे उषा. कुठल्या दिवाळीला ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

होडीमुळे माझी वाळवणाची जागा गेली. म्हणून मी सोसायटीला निनावी तक्रार केली. जांभळ्या शाईने, खाली 'एक जागरूक रहिवासी'. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की त्या दिवशी शिरा केला. संध्याकाळी सेक्रेटरी तो कागद घेऊन आमच्याच दारात आला. "काकू, हा तिसऱ्या ओळीतला शब्द काय आहे? लागत नाहीये." मी चष्मा लावून वाचून दाखवला.

तक्रारीचं काहीच झालं नाही. तेव्हा मी आणखी एक काम केलं, आणि ते मात्र निनावीच राहिलं. नातीने मला मोबाइलवर दाखवलं होतं की जुन्या टायरला रंग देऊन त्यात झाडं लावतात. खाली बघितलं तर होडी पुढच्या आणि मागच्या टायरवर आरामात बसलेली. मधला नुसताच पडून असल्यासारखा. वॉचमनला वीस रुपये दिले, त्याने दोन हिसके मारून तो बाहेर काढला. मी त्याला पिवळा रंग दिला, गेटपाशी ठेवला आणि त्यात सदाफुली लावली. भावजी रोज त्याच्यावरून जात. एकदा थांबून म्हणाले, "वहिनी, रंग छान बसलाय हां."

पुढच्याच महिन्यात त्यांनी होडीची जमीन कापायला घेतली. आजूबाजूला प्लास्टिक बांधलं तरी फायबरची भुकटी उडालीच. सबंध बिल्डिंग आठवडाभर खाजवत होती. समोरासमोर भेटलं की नमस्कार करायच्या आधी माणसं कोपर खाजवायची. भावजी म्हणायचे, "गार पाण्याने आंघोळ. गरम घेतली की आत जातं." हे आधी सांगायला हवं होतं.

मग प्लायवूड. उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराकडे ते सहा वेळा गेले. प्रत्येक फळी चमच्याने वाजवून परत. शेवटी तो वैतागला. "साईं, ये प्लाय है, तबला नहीं. पानी में डालो, उबालो, जो करना है करो. एक पदर निकला तो दुकान आपकी."

भावजींनी तुकडा घरी आणला आणि खरंच कुकरला लावला. पहिली शिट्टी झाली तेव्हा मी डाळ समजले. पाचवी झाली तेव्हा हे म्हणाले, "चणे असतील." सातव्या शिट्टीनंतर भावजी वर आले, हातात वाफाळणारा लाकडाचा तुकडा. "बघा वहिनी. पदर सुटला नाही. हे उषाला पन्नास वर्षं पुरेल."

उषा तेव्हा बासष्टची.

मापासाठी ह्यांचे पेपर चिकटवून होडीच्या आकाराचा एक भलामोठा कागद कापला. त्यात ह्यांचं अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं गेलं. मेच्या उन्हात रेझिन, म्हणजे फायबरचा चिकट रस, कालवलं, त्यात ते घट्ट करणारं हार्डनर थंडीच्या मापानेच घातलं, आणि बादलीने पाच मिनिटांत धूर सोडला. भावजी बादलीशेजारी हाताची घडी घालून उभे. "घाई बादलीला आहे, मला नाही," म्हणाले, आणि दुसरी कालवली. प्लायच्या कडा चार-चार वेळा रेझिनने माखल्या. "पाणी नेहमी कडेतून शिरतं." एकही भोक उघडं ठेवलं नाही. वर काचतंतूंची मॅट अंथरली, रोलर फिरवून एकेक बुडबुडा काढला. आठवड्याने चमचा वाजवला. ठण्ण. सगळीकडे ठण्ण. त्या दिवशी त्यांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले आणि नाशिकला फोन केला. उषा म्हणाली, "पाण्यात तरंगलेली दाखवा, मग बोलू."

म्हणून या दिवाळीनंतर, नदी शांत झाल्यावर, एका रविवारी सकाळी आम्ही होडी टेम्पोतून काठावर नेली. भावजींनी नारळ फोडला. मग म्हणाले, "मधे वजन पाहिजे कुणाचं तरी." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

इथे एक जुनं प्रकरण सांगायला हवं. मला बघायला आले होते तेव्हा मला पोहता येतं का, असं कुणीही विचारलं नव्हतं. मी आपणहून सांगितलं की येतं. गावच्या ओढ्यात मी गुडघाभर पाण्यात पुष्कळ वेळा उभी राहिले होते, आणि एकविसाव्या वर्षी मला हे दोन्ही एकच वाटायचं. ह्यांनी ते आजतागायत जपून ठेवलं आहे. मी एक पाय होडीत टाकला आणि दुसरा काठावरून उचलेना, तर हे काठावरून म्हणाले, "घाबरतेस काय? तुला पोहता येतं ना."

भावजींनी मला लाइफ जॅकेट घातलं, हातात आपला मोबाइल दिला. पलीकडे व्हिडिओवर उषा. भावजींनी वल्हं मारलं. होडी तरंगली. दहा हात सरळ गेली, मग एका कुशीवर जरा कलली आणि डावीकडे वळली. भावजींनी सरळ केली. ती पुन्हा डावीकडे. कितीही मारा, होडी आपली सावकाश, गोल, जात्यासारखी फिरू लागली.

"फोन कुणी धरलाय?" उषाचा आवाज आला. "सगळं गरगरतंय."

"वरच्या वहिनींनी," भावजी धापा टाकत म्हणाले.

मग उषा, "तिला म्हणावं, सरळ धर."

"फोन सरळच आहे," मी म्हटलं. "होडी फिरतेय."

चार वर्षांत आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं.

"का फिरतेय?"

"तुझ्या नवऱ्याला विचार."

"माझ्या नवऱ्याने जन्मभर टाक्या केल्या. टाक्या जागच्या हलत नाहीत. तू कशाला चढलीस तिच्यात?"

"मधे वजन पाहिजे होतं."

"मग माणूस बरोबर निवडलाय."

मला हसू आलं. तिला आलं की नाही ते दिसलं नाही, कारण तेवढ्यात तिच्या स्क्रीनवर पुन्हा काठ, पाणी, हे, काठ, पाणी असं सुरू झालं होतं. मग ती भावजींना म्हणाली, वेगळ्याच आवाजात, "अहो, पाणी आल्यावर मी यात बसून दारातच फिरत राहू का?"

भावजींनी वल्हं मारायचं थांबवलं. रेंज गेली. ह्यांनी काठावरून दोर टाकला आणि आम्हाला ओढून घेतलं.

पार्किंगमध्ये होडी उलटी केली. भावजी कमरेपर्यंत भिजलेले, तसेच खाली बसले. तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणली. मधे, जिथे तळ सुतळीच्या सरळ रेषेत हवा, तिथे तो चार बोटं बाहेर फुगलेला, आणि एका अंगाला जास्त.

"जमीन कापली तेव्हा पोट खाली आलं," ते म्हणाले. "आणि मी नवी जमीन त्याच वाकड्या पोटावर पक्की करून टाकली. कारखान्यात कसं, माल साच्यात असतो. साचा धरून ठेवतो, आपल्याला बघावं लागत नाही. पण इथे मी मधे टायर ठेवला होता वहिनी. ठेवला होता ना?"

हे गेटकडे बघू लागले. सदाफुलीला त्या दिवशी नेमका भरपूर बहर.

"मी नेला," मी म्हटलं. "पिवळा केला."

भावजींनी गेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता चार शब्द ऐकायचे. त्यांनी सुतळी गुंडाळायला घेतली. "नेलात तुम्ही," ते म्हणाले, "पण मधे काही नाहीये हे मला सहा महिने दिसलं नाही. ते माझं." मग किल्ली पुढे केली. "जरा चहा ठेवता का? माझे हात चिखलाचे आहेत."

आणि अशी मी चार वर्षांनी त्यांच्या घरात गेले.

भिंतींना नवा रंग होता. माझ्या कमरेच्या उंचीवर सगळ्या घरभर, खोलीतून खोलीत, एक लाल रेषा आखलेली. पट्टी लावून, सरळ. पाणी कुठवर आलं होतं त्याची ती खूण. रेषेच्या वर भावजींनी स्वतः केलेल्या फायबरच्या फळ्या ठोकलेल्या, छतापर्यंत. त्यांवर उषाचं शिवणयंत्र. तिच्या साड्या, प्लास्टिकमध्ये, चिकटपट्टी लावून. मिक्सर, लोणच्याच्या बरण्या, देवघर, सोऱ्या, तिच्या चपला. प्रत्येकावर कारखान्यातल्यासारखी चिठ्ठी. 'उषा, लग्नातल्या'. 'उषा, जुना चष्मा'. 'उषा, कुरडईची चाळण'.

आणि रेषेच्या खाली एक गादी, जमिनीवर. एक ताट, एक तांब्या, लहान शेगडी. खालच्या खिळ्यावर दोन शर्ट. बस. पुन्हा पाणी आलंच, तर ते येईल एवढ्यापुरतंच.

मी आधण ठेवलं. तेवढ्यात माझ्याकडेच राहिलेला भावजींचा मोबाइल वाजला. व्हिडिओवर उषा.

"पोचलात का घरी?" मग तिने मागचा ओटा ओळखला. "तू कुठे आहेस?"

"तुझ्या स्वयंपाकघरात."

"कसं ठेवलंय घर? दाखव. पसारा असेल."

मी फोन वर धरला आणि फळ्यांवरून फिरवला. चिठ्ठ्या वाचता येतील इतक्या हळू. मग रेषेवर आणला. मग खाली, गादीपर्यंत. तिथे मी तो बराच वेळ धरून ठेवला. मला वाटलं पुन्हा रेंज गेली.

"उषा?"

"त्यांना म्हणावं," ती म्हणाली, "आधी ती गादी वर घ्या. होडीचं मी आल्यावर बघू."

बाहेर ग्राइंडर सुरू झाला होता. भावजींनी जमीन पुन्हा कापायला घेतली होती. मी खिडकीतून दोनदा हाक मारली, पण त्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नाही. तेव्हा मीच गादीची वळकटी केली, उचलली, आणि वर ठेवायला जागा शोधू लागले.

वर कुठेच जागा नव्हती.